थांबण्याचा हिशेब : विनामदत डोंगरी सायकल शर्यत आणि पालघरची सरावभूमी

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींचे अनेक प्रकार जगभर रूढ असले, तरी त्यांपैकी सर्वांत खडतर प्रकारांत बाइकपॅकिंग शर्यतीची गणना होते. झोपण्याची पिशवी, कपडे, दुरुस्तीची हत्यारे, खाणे आणि पाणी असे सगळे सामान सायकलच्या सांगाड्यालाच बांधून डोंगरदऱ्यांतल्या कच्च्या रस्त्यांनी शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरचे अंतर कोणाच्याही मदतीविना कापायचे, असे तिचे स्वरूप असते. शर्यतीचे घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटच्या ठिकाणापर्यंत ते थांबत नाही. स्पर्धक झोपला, जेवायला बसला, पंक्चर काढत राहिला किंवा एखादे दुकान उघडण्याची वाट पाहत बसला, तरी तो सारा वेळ त्याच्याच नावावर मांडला जातो. या एका नियमामुळे पायांतल्या बळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व निर्णयांना येते, आणि म्हणूनच या क्रीडाप्रकाराचा विचार करताना ‘किती वेगाने’ या प्रश्नाआधी ‘कुठे, किती वेळ आणि कशासाठी थांबायचे’ हा प्रश्न विचारावा लागतो.

या शर्यतीचे वेगळेपण समजण्यासाठी तिच्या जवळच्या तीन प्रकारांशी तिची तुलना उपयोगी पडते. पहिला प्रकार टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींचा. हिमाचल प्रदेशात २००५पासून होणारी ‘एमटीबी हिमालय’ ही डोंगरी सायकल शर्यत त्यात मोडते, आणि तिथे दिवसाचा टप्पा संपला की घड्याळ थांबते, तंबू, जेवण व सामानवाहतूक ही आयोजकांची जबाबदारी असते. दुसरा प्रकार पथकाच्या मदतीने होणाऱ्या शर्यतींचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी, १९८२पासून चालत आलेली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ हे त्याचे ठळक उदाहरण असून तिथे घड्याळ अखंड चालत असले, तरी मागून येणाऱ्या मोटारीतले सहकारी स्पर्धकाला खाऊ-पिऊ घालतात, वाट दाखवतात आणि झोपेतून उठवतात. तिसरा प्रकार बीआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या फेऱ्यांचा. त्यात क्रमांक काढले जात नाहीत आणि नियंत्रण-ठिकाणांखेरीज कुठेही मदत घेता येत नाही. बाइकपॅकिंग शर्यतीने पहिल्यातून डोंगर, दुसऱ्यातून न थांबणारे घड्याळ आणि तिसऱ्यातून स्वावलंबन घेतले असून या तिन्हींच्या एकत्र येण्यातून तिचा खडतरपणा निर्माण झाला आहे.

उगम आणि नियम

या परंपरेचे एक मूळ अलास्काच्या बर्फात आहे. कुत्र्यांच्या घसरगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इडिटारॉड मार्गावर १९८७मध्ये सायकलींची शर्यत सुरू झाली आणि कडाक्याच्या थंडीत लागणारे सामान सायकलच्या चौकटीच्या त्रिकोणात बसवण्याच्या गरजेतून पुढे खास पिशव्यांची रचना विकसित झाली. दुसरे मूळ रॉकी पर्वतात आहे. पाण्याचा एक ओघ पॅसिफिककडे आणि दुसरा अटलांटिककडे वळवणाऱ्या जलविभाजक रेषेच्या आसपास जाणारा ‘ग्रेट डिव्हाइड’ हा सायकलमार्ग अमेरिकेतील अॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन या संस्थेने १९९०च्या दशकात आखला. १९९९मध्ये जॉन स्टॅमस्टॅड यांनी तो एकट्याने, घड्याळ लावून पार केला, आणि २००८पासून कॅनडातील बॅन्फ ते मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्स अशी ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत दरवर्षी जून महिन्यात होऊ लागली. सुमारे ४,४०० किलोमीटर अंतर, एकूण सुमारे ६०,००० मीटर चढाई आणि ३,६०० मीटरहून उंच असलेली इंडियाना खिंड, एवढ्या तपशिलावरून तिच्या आवाक्याची कल्पना येते. मध्य आशियातील किर्गिझस्तानात २०१८पासून होणारी ‘सिल्क रोड माउंटन रेस’ ही अशीच दुसरी नामांकित शर्यत असून तिथे वस्ती विरळ, खिंडी उंच आणि उन्हाळ्यातही बर्फ पडण्याची शक्यता असते.

टूर डिव्हाइडला प्रवेशशुल्क नाही आणि बक्षीसही नाही. जे आहे ते नियमांचे बंधन. आधी ठरवून ठेवलेली कोणतीही खाजगी मदत घ्यायची नाही, म्हणजे मित्राने वाटेत जेवण आणून द्यायचे नाही की नातेवाइकाच्या घरी मुक्काम करायचा नाही. परंतु जे दुकान, जी खाणावळ, जे वसतिगृह प्रत्येक स्पर्धकाला पैसे देऊन सारखेच उपलब्ध आहे, त्याचा उपयोग करायला मुभा आहे. दुसऱ्या सायकलीच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही, आणि कोणत्याही कारणाने मार्ग सोडला, तर जिथे सोडला त्याच जागी परत येऊन पुढे निघायचे. पंच जागोजाग उभे नसल्याने या नियमांचे पालन बव्हंशी स्पर्धकाच्या सचोटीवर सोपवलेले असते; त्याच्याजवळचे उपग्रहाशी जोडलेले यंत्र त्याची जागा नकाशावर दाखवत राहते, इतकेच काय ते देखरेखीचे साधन.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्राला दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगची परंपरा नवी नाही. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर १९२३मध्ये मुंबईहून जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १९२८मध्ये परतले. वाळवंटे आणि जंगले ओलांडताना त्यांनी सायकलीवर जे सामान वाहिले, त्याला आजच्या परिभाषेत बाइकपॅकिंगच म्हणावे लागेल, फक्त घड्याळ तेवढे नव्हते. अलीकडच्या काळात नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये दोघांच्या गटातून रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. २०१७मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले आणि त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती मुदतीत पुरी केली, तर नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी २०१९मध्ये हे यश मिळवले. या शर्यतीच्या पात्रतेसाठी पुणे ते गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही शर्यतही महाराष्ट्रातूनच सुरू झाली.

अलीकडची ही सारी कामगिरी पथकाच्या आधाराने, डांबरी रस्त्यांवर झालेली आहे. स्वावलंबनाच्या अंगाने पाहता पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचा २०१८मधील जगप्रवास अधिक जवळचा ठरतो. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी सुमारे २९,००० किलोमीटरचे अंतर १५९ दिवसांत कापले आणि त्यातला बहुतेक भाग कोणतेही पथक सोबत न घेता पार केला. मराठी सायकलपटूंकडे सहनशक्ती आहे, लांब पल्ल्याची सवय आहे आणि बीआरएमच्या निमित्ताने रात्रभर सायकल चालवण्याचा अनुभवही आहे. तेव्हा विनामदत डोंगरी शर्यतीकडे वळताना जी भर घालायची उरते, ती कच्च्या वाटांची, सामानाची आणि थांब्यांच्या हिशेबाची.

वेगाचे गणित

ब्रिटनचे माइक हॉल यांनी २०१६मध्ये टूर डिव्हाइड १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत पूर्ण करून त्या काळचा विक्रम केला. हा वेळ सुमारे ३३५ तासांचा होतो आणि अंतराला त्याने भागले, तर सरासरी वेग ताशी अवघा १३ किलोमीटर येतो. वसईच्या गावांमधून सकाळी कॅन लावून दूध घालणाऱ्या भय्याची सायकलही सपाट रस्त्यावर याच वेगाने जात असते. फरक इतकाच की विक्रमवीराच्या सरासरीत डोंगरांचे चढ, चिखल, जेवण, दुरुस्ती आणि झोप यांचा सगळा वेळ मिळवलेला असून, त्या दोन आठवड्यांत चाके थांबलेली अशी फार कमी वेळा सापडतात.

हे गणित दोन काल्पनिक स्पर्धकांच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. पहिला स्पर्धक चालत्या सायकलीवर ताशी १७ किलोमीटर वेग राखतो, परंतु झोप, जेवण आणि इतर कामे मिळून दिवसाला नऊ तास थांबतो. त्याचे दिवसाचे अंतर २५५ किलोमीटर होते. दुसऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटर, पण तो सहाच तास थांबतो. त्याचे अंतर २७० किलोमीटर भरते. टूर डिव्हाइडच्या संपूर्ण मार्गावर हळू चालवणारा हा दुसरा स्पर्धक जवळजवळ एक दिवस आधी पोहोचतो. शिवाय वाया जाणारा वेळ एकगठ्ठा जात नाही, तो किरकोळीत जातो: पाण्यासाठी थांबल्यावर टोपी काढणे, मोबाइल पाहणे, पिशवीच्या तळाशी गेलेले जाकीट शोधणे अशा दहा थांब्यांत प्रत्येकी बारा मिनिटे जादा गेली, तर दिवसाचे दोन तास गेले आणि ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने तीस किलोमीटर मागे पडले. म्हणून अनुभवी स्पर्धक एका थांब्यात पाणी भरणे, खाणे विकत घेणे, साखळीला तेल देणे आणि पुढच्या वाटेचा नकाशा पाहणे ही कामे ठरलेल्या क्रमाने उरकतात, आणि जे खाणे चालत्या सायकलीवर खाता येते, त्यासाठी कधीच थांबत नाहीत.

वसई ते त्र्यंबक : एक नैसर्गिक प्रशाला

या दृष्टीने वसई-विरारचे भौगोलिक स्थान विचार करण्याजोगे आहे. २००९मध्ये महानगरपालिका झालेला आणि २०१४पासून पालघर जिल्ह्यात मोडणारा हा पट्टा अरबी समुद्र, वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या मध्ये वसलेला असून, त्याच्या पूर्वेला महामार्ग ओलांडताच तुंगारेश्वरच्या डोंगररांगेची चढण सुरू होते. भुईगाव-कळंबच्या सपाट, वाऱ्याच्या किनारपट्टीपासून पूर्वेकडे शिरसाडमार्गे वज्रेश्वरी, किंवा उत्तरेकडे मनोरमार्गे विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा असे जाताना प्रवासी समुद्रसपाटीपासून पायरीपायरीने सह्याद्रीच्या माथ्याकडे चढत जातो. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, मोखाड्यानंतर तोरंगण घाटाने वर गेल्यावर त्र्यंबकेश्वर सातशे मीटरच्या पुढे लागते, आणि या सगळ्या वाटेत सलग सपाटी अशी फारच थोडी सापडते. एक ओढा उतरायचा, लगेच दुसरी टेकडी चढायची, असाच क्रम राहतो.

अशा चढणीची किंमत मोजता येते. स्पर्धक, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले, तर समुद्रसपाटीवरून जव्हारच्या उंचीपर्यंत ते उचलण्यासाठी सुमारे चार लाख जूल कार्य करावे लागते. खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ४०० किलोकॅलरी, म्हणजे चार मोठ्या केळ्यांइतके अन्न, खर्ची पडते, आणि वाटेतल्या चढउतारांमुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा होतो. सामान पाच किलोने वाढले की चढावरचे श्रम पाच टक्क्यांहून अधिक वाढतात. गिअरची निवडही याच हिशेबातून ठरते: पुढे ३२ दात्यांचे आणि मागे ५१ दात्यांचे चक्र, आणि २९ इंची चाक अशा सायकलीत पेडलचा एक फेरा सुमारे १.४४ मीटर पुढे नेतो, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी पाच किलोमीटरहून थोडा अधिक वेग मिळतो. दर शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या कच्च्या वाटेवर त्यासाठी सुमारे १५० वॅट शक्ती पुरते आणि ती सराव केलेला माणूस तासन्‌तास देऊ शकतो. गिअर यापेक्षा जड असला, तर पेडल रेटून फिरवावे लागते आणि त्याचा भार दिवसागणिक गुडघ्यांवर साठत जातो.

पाण्याच्या बाबतीत हा प्रदेश विशेष शिकवण देतो. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात असूनही त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण पावसाळ्यात फेसाळणारे ओढे काळ्या कातळावरून वाहून जातात आणि फेब्रुवारीनंतर कोरडे पडतात. नकाशावरची निळी रेघ म्हणजे पाणी नव्हे, ते कोणत्या महिन्यात आणि कुठल्या विहिरीवर मिळेल हे गावात विचारूनच कळते, हा धडा वायोमिंगमधील निर्जल ‘ग्रेट डिव्हाइड बेसिन’ ओलांडणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो. पावसाळ्यानंतरच्या चिखलाचेही तसेच आहे. भिजलेली चिकण माती चाक आणि सांगाडा यांच्या मधल्या फटीत बसत जाते, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर तिच्यात अडकतो आणि अशा वेळी जोर लावून पेडल मारले, की डिरेलर ज्या लहानशा अॅल्युमिनियमच्या पट्टीला लटकलेला असतो ती पट्टी मोडते. अशी परिस्थिती न्यू मेक्सिकोतील पावसात दरवर्षी स्पर्धकांना शर्यतीबाहेर काढते. चिखल दिसताच उतरून सायकल कडेच्या गवतावरून ढकलणे किंवा खांद्यावर घेणे हे त्यावरचे उत्तर, आणि ते विक्रमगडच्या शेतरस्त्यांवरही शिकता येते.

सरावाला कायद्याची मर्यादा मात्र आहे. तुंगारेश्वर हे २००३पासून वन्यजीव अभयारण्य असल्याने मंदिराकडे जाणाऱ्या रूढ वाटेखेरीज आत फिरण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते, आणि रात्री जंगलात सायकल नेणे हे बिबट्यांच्या वावरामुळेही शहाणपणाचे ठरत नाही. त्यामुळे रात्रीचा सराव गावांना जोडणाऱ्या, कमी वर्दळीच्या रस्त्यांवर करावा, आणि अवजड वाहनांनी भरलेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग शक्यतो केवळ ओलांडण्यापुरताच वापरावा, हे बरे.

सामान आणि दुरुस्ती

सामानाची विभागणी सायकलच्या तोलावर परिणाम करते. चौकटीच्या त्रिकोणातील पिशवीत पाणी, हत्यारे, खाणे अशा जड वस्तू ठेवतात, म्हणजे भार खाली आणि मध्यावर राहतो. हँडलला बांधलेल्या गुंडाळीत झोपण्याची पिशवी व चटई, तर सीटमागच्या निमुळत्या पिशवीत कपडे जातात. बाजूला लटकणाऱ्या मोठ्या थैल्या डोंगरातल्या अरुंद वाटांवर दगडांना आणि झुडपांना घासतात, म्हणून त्या टाळल्या जातात. दिव्यासाठी व यंत्रे भारित करण्यासाठी पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेला डायनॅमो वापरतात. तो सुमारे तीन वॅट वीज देतो, परंतु चढावर वेग घटला की वीजही घटते, त्यामुळे पॉवर बँक लागतेच.

दुरुस्तीच्या कौशल्याला इथे पर्याय नाही, कारण जव्हार किंवा मोखाड्याच्या बाजारातला पंक्चरवाला साध्या सायकलची ट्यूब तत्परतेने जोडून देईल, पण डिस्क ब्रेकचे पॅड किंवा बारा गिअरची साखळी त्याच्याकडे मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. बाभळीच्या काट्यांवर उपाय म्हणून टायरमध्ये ट्यूबऐवजी चिकट द्रव भरलेला असतो. काटा घुसला की हवेबरोबर बाहेर येणारा द्रव भोकातच गोठून ते बुजवतो, आणि भोक मोठे असले तर त्यात रबराची वात दाभणाने खुपसून ती जागा बंद करतात. डिरेलरची पट्टी मोडली आणि जोडीला दुसरी नसली, तर साखळीची कडी तोडून साखळी आखूड करायची, मधल्या एखाद्या चक्रावर ती ताणून बसवायची आणि एकाच गिअरवर, चढ पायी ढकलत, पुढचे गाव गाठायचे. हे काम घरी दिवसाउजेडी दोनतीनदा केलेले असेल, तर पावसात, डोक्याच्या दिव्याच्या उजेडात, बधिर बोटांनीही जमते. एरवी तिथेच रात्र जाते.

अन्न, झोप आणि शरीर

शरीरात साठवलेली ग्लायकोजेनच्या रूपातील साखर सुमारे दोन हजार किलोकॅलरी पुरवते आणि ती काही तासांच्या जोरकस सायकलिंगमध्ये संपते. आतड्यांतून ताशी साधारण ६० ते ९० ग्रॅमच कर्बोदके शोषली जातात, तर दिवसाचा खर्च सहा हजार किलोकॅलरींच्याही पुढे जातो. म्हणजे कितीही खाल्ले तरी तूट राहतेच आणि ती शरीरातील चरबी भरून काढते. या स्थितीत थोडे थोडे, सतत आणि भूक लागण्याआधी खाणे हाच नियम उरतो. वजनाच्या मानाने अधिक ऊर्जा देणारे, न चुरडणारे आणि उष्णतेत न बिघडणारे अन्न त्यासाठी हवे असते, आणि राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून केलेली वसईची सुकेळी या कसोटीला पुरेपूर उतरतात. पाणी उडून गेल्याने त्यांचे वजन घटते, साखर घट्ट होते आणि ती अनेक दिवस टिकतात. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि घोलवडचे सुकवलेले चिकू हेही त्याच पंक्तीतले. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरून गोंधळल्यासारखे होणे, मळमळ आणि गंभीर स्थितीत बेशुद्धी येऊ शकते, म्हणून पाण्यासोबत मीठही पोटात जायला हवे.

झोपेची काटकसर हा या शर्यतीतला सर्वांत नाजूक विषय आहे. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही नैसर्गिकरीत्या खाली येतात. सलग काही रात्री अपुरी झोप झाली, की या प्रहरात रस्त्याकडेचे झुडूप माणसासारखे दिसू लागते, क्षणभराची डुलकी लागते आणि उतारावर तेवढा क्षण पुरेसा असतो. त्यामुळे अंधारात तंद्रीत कापलेल्या दहा किलोमीटरपेक्षा त्याच वेळात घेतलेली दीड तासाची झोप पुढच्या दिवशी अधिक अंतर देऊन जाते, असा अनुभव जाणकार सांगतात. हाताच्या तळव्यातील मज्जातंतूवर हँडलचा दाब सतत पडल्याने करंगळी व अनामिका बधिर होणे, सीटवर घासून त्वचेला फोड येणे आणि घोट्यामागची शीर सुजणे या तक्रारी सर्रास आढळतात. यातली प्रत्येक तक्रार पहिल्या दिवशी क्षुल्लक असते आणि दुर्लक्ष केल्यास पाचव्या दिवशी शर्यत संपवते.

धोका, संपर्क आणि माघार

या क्रीडाप्रकारात मृत्यूही घडलेले आहेत. वर उल्लेखिलेले माइक हॉल, ज्यांनी २०१३मध्ये युरोपातील ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ ही विनामदत शर्यत सुरू केली, ते मार्च २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातील अशाच एका शर्यतीत कॅनबेराजवळ पहाटेच्या अंधारात मोटारीच्या धडकेने मरण पावले. तेव्हापासून परावर्तक कपडे, मागचा लुकलुकणारा दिवा आणि सक्तीची विश्रांती यांविषयीची चर्चा अधिक गांभीर्याने होऊ लागली. भारतापुरती आणखी एक अडचण संपर्काची आहे. परदेशी शर्यतींत सर्रास वापरली जाणारी उपग्रह-संदेशयंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना वापरता येत नाहीत आणि ती सामानात सापडल्याने परदेशी पर्यटकांवर विमानतळावर कारवाई झाल्याच्या घटना आहेत. इथल्या सरावात भरवसा मोबाइलवरच ठेवावा लागतो, आणि मोखाड्याकडच्या दऱ्यांत त्याची रेंज वारंवार जात असल्याने निघण्यापूर्वी घरच्यांना मार्ग, अपेक्षित वेळा आणि किती उशीर झाल्यावर चौकशी सुरू करायची हे लिहून देणे अगत्याचे ठरते.

या सगळ्यातून तयारीचा एक क्रम सुचतो. आधी २०० ते ६०० किलोमीटरच्या बीआरएम पुऱ्या करून रात्रीची आणि एकटेपणाची सवय करावी. ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असल्याने थांब्यांचा हिशेब तिथेच अंगवळणी पडू लागतो. नंतर पूर्ण सामान लादून वसई-विरारहून जव्हार-मोखाड्यापर्यंत एक मुक्कामाची, मग दोन मुक्कामांची फेरी मुद्दाम कच्च्या रस्त्यांनी करावी आणि प्रत्येक थांब्याची वेळ नोंदवावी. पालघर जे शिकवू शकत नाही, ते त्यानंतर बाहेर शिकावे लागते. कळसूबाईची उंचीही १,६४६ मीटरच भरते, तर ३,६०० मीटरवर हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. त्या विरळ हवेची, गोठवणाऱ्या रात्रींची आणि दिवसभरात एकही घर न दिसण्याची ओळख हिमाचल किंवा लडाखमध्ये करून घेणे आवश्यक आहे.

विनामदत शर्यतीत माघार घेण्याचा निर्णयही स्पर्धकाने एकट्यानेच घ्यायचा असतो. पथकाच्या मोटारीत बसलेला डॉक्टर किंवा प्रशिक्षक जी मर्यादा बाहेरून घालून देतो, ती इथे स्वतःच आधी ठरवावी लागते: ताप आला तर, दोन्ही ब्रेक गेले तर, पाणी संपून पुढचे गाव तीस किलोमीटरवर असले तर काय करायचे, याची उत्तरे घरी, शांत डोक्याने लिहून काढलेली असावीत, कारण तिसऱ्या रात्री थकलेले मन ‘अजून थोडे’ याच बाजूने कौल देते. सामान कमी केल्याने, गिअर नीट निवडल्याने आणि खाणे वेळेवर घेतल्याने काही तास वाचतात. परंतु कुठे थांबायचे हे ज्याला आधीपासून ठाऊक असते, त्याचीच शर्यत पुरी होण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि पुरी न झाल्यास पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरू शकतो.